कावळ्यांची न्याहारी

सदर महिलेचे वर्णन पुढीलप्रमाणे. नाव: साळुबाई भगवंत टेमगिरे. वय: अंदाजे सत्तावन्न. राहणार: बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर, नदीकडेला, घाटावरून हाक मारल्यास ऐकू जाईल इतक्या अंतरावर. शिक्षण: तिसरी. व्यवसाय: शेती व घरकाम. पद: कोणतेही नाही. व्यसन: कोणतेही नाही, असे तिचे म्हणणे. अंगकाठी: बारीक, अलीकडे जास्त. ओळखीची खूण: कमरेच्या पिशवीत दम्याचा निळा पंप, रिकामा. सदर महिला अर्जदाराची मेहुणी असून, अर्जदाराच्या पत्नी कै. इंद्रायणी यांचे अल्पशा आजाराने निधन झाल्यानंतर ती गावोगावच्या दशक्रिया विधींना विनानिमंत्रण हजर राहून शोकाकुल वातावरणात व्यत्यय आणते. तसेच अर्जदाराच्या मातोश्रींच्या दशक्रियेच्या दिवशी तिने कावळ्यांना फूस लावली.

हा मजकूर पोलिसांकडे दिलेल्या अर्जातला आहे. त्यातला एक शब्द सोडला तर बाकी सगळं खरं आहे. कावळ्यांचं तर शंभर टक्के.

अर्जदार म्हणजे चिमाजी. सोसायटीचे माजी चेअरमन, आणि पंचक्रोशीतल्या दहाव्यांना माईक धरणारे. आपल्याकडे दहाव्याला घाटावर आधी प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि कोणाचं नाव कोणाच्या आधी पुकारलं यावरून जिवंतपणी मिटलेली भांडणं पुन्हा उभी राहतात. त्यामुळे हे काम जोखमीचं. चिमाजींनी ते पंचवीस वर्षं निभावलं. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "यांना अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली." ट्रॅक्टर उलटून गेलेल्या एका माणसालाही त्यांनी अल्पशा आजारानेच पाठवलं होतं.

इंद्रायणी त्यांची बायको आणि साळुबाईंची थोरली बहीण. दोघी शिनोलीच्या. बापाने दोन पोरी एकाच गावात दिल्या, म्हणजे एकीला भेटायला आलं की दुसरीची भेट फुकट. शिनोलीला सातव्या-आठव्या वर्षी हातात फुंकणी आली ती बोरीपर्यंत आली. बोरीच्या नदीकाठी एका फार जुन्या ज्वालामुखीची राख सापडते. समुद्रापलीकडे कुठेतरी डोंगर फुटला आणि त्याची राख हजारो वर्षांपूर्वी उडत इथवर आली, असं शास्त्रज्ञ सांगतात. ते लांबून येतात, राख पिशव्यांत भरून नेतात, तिच्यावर लिहितात. त्याच काठावर दोन बहिणींनी तीस-तीस वर्षं ओली लाकडं फुंकली. ती राख तपासायला कोणी आलं नाही.

इंद्रायणी खोकायला लागली तेव्हा तिची मुलगी अक्षदा हिचं लग्न जमत होतं. पाहुणे अवसरी बुद्रुकचे, बागायतदार, चौकशी करणारे. पुण्याच्या दवाखान्यात फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तो चिमाजींना कळला आणि फाइल उचलणाऱ्या अक्षदाला कळला. चिमाजींनी तिला आईची शपथ घातली आणि गावात दमा असल्याचं जाहीर केलं. दम्याला स्थळं अडत नाहीत. इंद्रायणीलाही दमाच सांगितला. तिच्या उशाशी निळा पंप ठेवला, तो ती विश्वासाने ओढत राहिली, आणि माघात गेली. दहाव्याला चिमाजींनी स्वतःच माईक धरला. वाक्य ठरलेलंच होतं.

मे महिन्यात अक्षदाचं लग्न झालं. दणक्यात झालं.

त्याच वर्षी दिवाळीला साळुबाईंना खोकला लागला. कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. थोरलीला दमा होता, धाकटीला झाला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चिमाजी घरी आले, ओट्यावर बसले, चहा घेतला आणि खिशातून निळा पंप काढून साळुबाईंच्या हातावर ठेवला.

"तुमच्या अक्काचा हाय. निम्मा शिल्लक हाय. वाया कशाला घालवायचा?"

"दाजी, तुमाला लई माया," साळुबाई म्हणाल्या, आणि त्या खरंच तसं समजून म्हणाल्या. हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं. पंपापेक्षा त्याचाच त्यांना जास्त राग येतो.

पंप संपेपर्यंत त्यांनी ओढला. संपल्यावर नवा आणला. आषाढात खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा सून सोनल हिने त्यांना स्कूटीवर घातलं, फाट्यावर नेलं, आणि तिथून सरळ पुण्याला. नऊ महिने गेले होते. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने विचारलं, "विडी ओढता? मिश्री लावता? तंबाखू?"

"न्हाई."

"कधीच नाही?"

"ह्यांना इचारा," साळुबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. भगवंतराव दारात उभे होते, खिशात विडीचं बंडल. "तीस वर्सं वढली ह्यांनी, झालं मला. सरकारी कारभार."

डॉक्टर म्हणाला, बायकांना विडी न ओढताही होतो. दुसऱ्याच्या विडीचा धूर, चुलीचा धूर, काही वेळा काहीच कारण सापडत नाही. तुमच्या बाबतीत नक्की सांगता येणार नाही. साळुबाईंना मात्र कोणाला तरी नक्की जबाबदार धरायचं होतं. फक्त अजून नाव हाती लागायचं होतं.

ते अक्षदाने दिलं. मावशीला बघायला आली, सवयीने फाइल उचलली, एक पान वाचलं आणि खाली बसली.

"मावशी, आईच्या फायलीवर बी हेच लिवलं व्हतं."

साळुबाईंनी तिला रडू दिलं. रडणं थांबल्यावर एकच विचारलं, "तुझं लगीन कंच्या महिन्यात झालं गं?"

"मेमधी."

"आन पंप मला दिवाळीला दिला."

शाळेत तिसरीपर्यंत जेवढं गणित शिकवतात तेवढं याला पुरतं.

दुसऱ्या दिवशी त्या चिमाजींच्या दारात गेल्या. चिमाजींनी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"तवा अक्षदाचं जमत व्हतं, साळुबाई. तोंडातनं एक शब्द गेला असता तर पावणं माघारी गेलं असतं. त्यात तुमी बहिणी-बहिणी. रक्तात हाय म्हणलं असतं लोकांनी."

"ते समजलं. दिवाळीला काय जमत व्हतं?"

चिमाजींनी रिकामी खुर्ची परत भिंतीला लावली. मग म्हणाले, "सासरची काय म्हणली असती? एकदा दमा म्हणलं की दमाच म्हणावं लागतं. मी काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम न्हाई, दाजी. सवयीनं."

त्या दिवसापासून साळुबाईंचं एकच काम उरलं: चिमाजींच्या तोंडून, माईकवर, चारचौघांत, अक्काचा आजार वदवून घ्यायचा. डॉक्टरने रोजची एक गोळी दिली होती. तुमच्या गाठीला ही गोळी चालते, म्हणाला. चालेल तोवर चालेल. किती चालेल ते सांगितलं नाही. साळुबाईंनी ती मुदत समजली.

पहिला दहावा उंब्रजच्या बाजूला झाला. चिमाजी म्हणाले, "अल्पशा आजाराने—" आणि बायकांच्या पुढच्या रांगेतून आवाज आला, "कंच्या?"

चिमाजींना वाटलं, कोणाला नाव ऐकू गेलं नाही. त्यांनी मयताचं नाव पुन्हा घेतलं.

"नाव समजलं. आजार कंचा?"

मयताचा पोरगा गोंधळून म्हणाला, "घशाचा कॅन्सर व्हता." साळुबाई उभ्या राहिल्या. पिशवीतून पंप काढून वर धरला. "हा दम्याचा पंप. मला दमा नव्हता. फुप्फुसाचा कॅन्सर हाय. विडी न्हाई, तंबाखू न्हाई, तरी झाला. तीन आठवडं खोकला ऱ्हायला की छातीचा फोटो काढा. फोटोत न्हाई दिसलं आन खोकला जात न्हाई, तर मोठ्या मशिनीचा काढा. दुसऱ्याचा पंप वढू नका." आणि खाली बसल्या. बोलताना दम लागून त्यांना मध्ये थांबावं लागे, त्यामुळे भाषण आपोआप परिणामकारक होई.

याला पुढे कोणीतरी जनजागृती म्हटलं. साळुबाई त्याला सूड म्हणत. दोन्हींना एकच माईक लागतो, त्यामुळे लांबून फरक कळत नाही.

अडीच वर्षांत त्यांनी साठ-सत्तर दहावे केले. सोनल स्कूटीवर सोडायची, घ्यायला यायची. चिमाजींना रांगेत साळुबाईंचा पदर दिसला की ते वाक्य बदलायचे. एकदा बेचाळीस वर्षांच्या माणसाला त्यांनी वृद्धापकाळाने घालवलं. हळूहळू घरची माणसं साळुबाईंना घाटाच्या पायरीवरच गाठू लागली. "बाई, इचारू नका. आमीच सांगतो. लिव्हर व्हतं, दारूनं." ओतूरपासून बेल्ह्यापर्यंत लोक माईकवर मरणाचं खरं कारण सांगायला लागले. भक्तीने नव्हे, भीतीने. तेरा-चौदा बायका त्यांच्या ओट्यावर येऊन पदराआड खोकून दाखवून गेल्या. त्यांतल्या एकीला टीबी निघाला, तो औषधाने जातोय. एकीला काहीच निघालं नाही, तर ती रागावून गेली.

एवढं झालं तरी इंद्रायणीचा आजार अल्पसाच राहिला.

मार्गशीर्षात पुण्याच्या तपासणीत डॉक्टरला एक नवा डाग दिसला. गोळी बदलावी लागेल, म्हणाला. साळुबाईंना तेवढ्यावरून जे समजायचं ते समजलं. त्याच आठवड्यात चिमाजींच्या आई, गोजरबाई, एक्क्याण्णवाव्या वर्षी झोपेत गेल्या. चिमाजींच्या सबंध कारकिर्दीत वृद्धापकाळाने म्हणावं असं हे पहिलंच अस्सल मरण होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना साळुबाईंनी गोठ्याच्या पत्र्यावर चपातीचे तुकडे टाकले. घाटावरच्या चिंचेवरून दोन कावळे आले. तिसऱ्या दिवशी शिळा भात. पाचव्या दिवशी फरसाण. सातव्या दिवशी सुकट, आणि त्या दिवसापासून चिंच रिकामी आणि गोठा काळा दिसू लागला.

"काय गं," भगवंतराव विडी पेटवायला अंगणाबाहेर जाता जाता म्हणाले, "कावळं काय बाळंतपणाला आणल्यात का?"

"माहेरपणाला. दहाव्या दिशी धाडते परत."

भगवंतरावांनी दिवस मोजले आणि काडी तशीच विझू दिली. "साळे, हे बरं न्हाई. म्हातारीनं तुझं काय वाकडं केलं?"

"काय न्हाई. म्हातारी चांगली व्हती. तिला काय कमी पडतंय, ती गेली सरगात."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दहाव्याला घाटावर पिंड मांडतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की मयताच्या मनात काही राहिलं नाही असं समजायचं. नाही शिवला तर काहीतरी राहिलं. मग पोरं, नातवंडं हात जोडून एकेक वचन देत जातात, बरोबर वचन लागलं की कावळा येतो. तोवर कोणी जेवत नाही. अगदीच आला नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून तोच पिंडाला लावतात. पण ती मुलाची नामुष्की. आणि इथे मुलगा चिमाजी होता, समोर चारशे माणूस होतं, अवसरीचे व्याही पहिल्या रांगेत होते.

दहाव्या दिवशी साळुबाई चारलाच उठल्या. सुकट, भात, फरसाण, आणि वर उकडलेली सहा अंडी कुस्करून. साडेआठपर्यंत गोठ्यावरचे कावळे पंख सैल सोडून नुसते बसून होते. मग साळुबाईंनी हातपाय धुतले, पंप पिशवीत टाकला आणि घाटावर जाऊन पुढच्या रांगेत बसल्या.

प्रवचन झालं. पिंड मांडले. जवळ गोजरबाईंच्या आवडीची जिलबी ठेवली. चिमाजींचा गळा पाच मिनिटं भरून राहिला, मग नुसता बसला. चिंचेवर काहीच नव्हतं.

"आई, नातवाचं लगीन येत्या उन्हाळ्यात करू," चिमाजी म्हणाले. माईक चालूच होता, तो त्यांच्या हाताला सवयीने चिकटलेला होता.

काही नाही.

"तुझी गाय इकणार न्हाई."

काही नाही. मागे कोणीतरी घड्याळ बघितलं. एक पुढारी दुसऱ्या दहाव्याला जायचं म्हणून उठले आणि लोकांनी बघितलं म्हणून बसले.

"धाकट्याला बांधावरनं तरास देणार न्हाई," चिमाजी जरा हळू म्हणाले. धाकटा भाऊ म्हणाला, "हे जरा जोरात बोला." हशा पिकला आणि दबला.

साडेनऊ झाले. गुरुजी दर्भ वळायला लागले. चिमाजींनी त्यांचा हात धरला. तेव्हा साळुबाई उभ्या राहिल्या.

"दाजी, अक्काला काय झालं व्हतं ते सांगा. कावळा शिवंल."

चारशे माना वळल्या.

"साळुबाई, हितं नको."

"हितंच. घाटावर खोटं बोलत न्हाईत म्हणं."

"आईचा आन ह्याचा काय संबंध?"

"आईला माहीत व्हतं का न्हाई?"

हा बाण त्यांनी अंदाजाने मारला होता. पण चिमाजींचा चेहरा बघून पहिल्या दहा रांगांना कळलं की म्हातारीला माहीत होतं. सुनेच्या उशाशी पंप ठेवायला तिचाच हात लागला असणार. चिमाजींनी रिकाम्या चिंचेकडे बघितलं. मग अवसरीच्या व्याह्यांकडे. मग पिंडाकडे. घाम पुसला.

"इंद्रायणीला," ते म्हणाले, आणि माईकने ते नदीपलीकडे नेलं, "कॅन्सर व्हता. फुप्फुसाचा. दमा नव्हता. मी दमा सांगितला."

"आन पंप?"

"पंप मी साळुबाईंना दिला. मला माहीत व्हतं."

सगळ्यांनी चिंचेकडे बघितलं. कावळा आला नाही. त्याचं पोट भरलेलं होतं.

घाटावरची शांतता मोडली ती अक्षदाच्या सासूने. त्या मागच्या रांगेतल्या बाईला सांगत होत्या, पण माणसं गप्प असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "आमच्यात आत्याबाईला तेच झालं व्हतं. आमीबी दमाच सांगितला व्हता. अक्षदाचं जमत व्हतं ना तवा."

चिमाजींनी चार वर्षं ज्यांच्यापासून लपवलं, तेही चार वर्षं चिमाजींपासून तेच लपवत होते. चिमाजी तिथेच पायरीवर बसले. गुरुजींनी दर्भाचा कावळा पिंडाला लावला आणि माणसं जेवायला उठली. बुंदी चांगली झाली होती, असं सगळे म्हणतात.

परतताना सोनल स्कूटी चालवता चालवता म्हणाली, "आत्या, आता बरं वाटलं का?"

"न्हाई."

"मग?"

"आता दुसऱ्या कशाचं वाईट वाटायला मोकळी झाले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो पायरीवर बसला तवा अक्का पायजे व्हती बघायला."

कावळ्यांची हकिगत भगवंतरावांच्या तोंडून पानाच्या टपरीवर बाहेर पडली. चार दिवसांत चिमाजींचा अर्ज गेला. चिमाजींना अजूनही वाटत होतं की आई खरंच काहीतरी मनात ठेवून गेली, आणि ते कधीच कळणार नाही, कारण कावळा सांगण्याच्या परिस्थितीत नव्हता. ही शिक्षा साळुबाईंनी ठरवलेली नव्हती. पण कळल्यावर त्यांनी ती परतही घेतली नाही.

चौकीत दोघांना बोलावलं. हवालदाराने अर्ज दोनदा वाचला.

"कावळ्यांना खाऊ घालणं गुन्ह्यात बसत नाही, चेअरमन. पितृपक्षात आख्खा तालुका आत घ्यावा लागंल."

"मग भावना दुखावल्या असं लिहा."

"कोणाच्या? कावळ्यांच्या?" हवालदाराने साळुबाईंकडे बघितलं. "आजी, तुमचं काय म्हणणं?"

"कावळ्यांना घातलं. परत घालीन. लिवा."

"माफी मागता का चेअरमनची?"

"न्हाई. तेबी लिवा."

हवालदाराने उसासा टाकून कोरा कागद ओढला आणि जबाब घ्यायला बसला. पहिल्याच ओळीवर त्याचं पेन थांबलं. "पत्नीचे अल्पशा आजाराने निधन, असं अर्जात लिवलंय. जबाबात मुदत लागती. किती दिवस आजारी होत्या?"

चिमाजी खिडकीबाहेर बघत राहिले. साळुबाईंनी पिशवीतून पंप काढला आणि टेबलावर, कागदाशेजारी ठेवला. एवढंच.

"अकरा महिने," चिमाजी म्हणाले.

हवालदाराने अर्जातला एक शब्द खोडला, वर 'अकरा महिन्यांच्या' असं लिहिलं, आणि अर्ज निकाली काढला.